आयक्यू काढून मग काय करणार? : खानदेशातल्या शाळांना खुले पत्र

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील शाळांचे मुख्याध्यापक व संस्थाचालक

विषय : शाळांमधून सरसकट घेतल्या जाणाऱ्या बुद्ध्यांक चाचण्या

सस्नेह नमस्कार.

शाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की माझ्या टेबलावर रंगीत फायली यायला लागतात. वर शाळेचं नाव, खाली कुठल्या तरी एजन्सीचा लोगो, आत वीस-बावीस गुळगुळीत पानं, गोल तक्ते आणि दुसऱ्या पानावर चौकटीत मुलाचा आयक्यू. फाइल घेऊन आलेल्या आईवडिलांचा प्रश्न बहुधा एकच असतो : "मॅडम, हा आकडा वाढवायला काय करायचं?"

मी जळगावात मुलांच्या मानसशास्त्रीय तपासण्या करते. बुद्धिमत्ता चाचणी हे माझं रोजचं काम आहे, त्यावर माझं घर चालतं. तेव्हा हे पत्र चाचण्यांच्या विरोधातलं आहे असा समज करून घेऊ नका. मला एवढंच म्हणायचं आहे की चाचणी घेण्याआधी शाळेकडे एका प्रश्नाचं उत्तर तयार पाहिजे : आकडा हातात आल्यावर आपण या मुलासाठी काय वेगळं करणार आहोत? काहीच करणार नसू, तर चाचणी कशाला? आणि शाळेतल्या पाचशे-सहाशे मुलांबद्दल हा प्रश्न एकाच दिवशी, एकाच हॉलमध्ये पडेल, हे काही पटत नाही.

गेल्या पावसाळ्यात यावल तालुक्यातून एक जोडपं तिसरीतल्या मुलीला घेऊन आलं. फाइलमध्ये ७८ हा आकडा होता आणि त्याखाली लाल अक्षरांत 'सरासरीपेक्षा कमी, विशेष लक्ष आवश्यक'. मी फाइल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळली. चाचणीचं नाव कुठेच नव्हतं. ती कुठल्या वयाच्या, कुठल्या भाषेच्या मुलांवर प्रमाणित केली आहे, त्याचा पत्ता नव्हता. घेणाऱ्याची सही नव्हती, नोंदणी क्रमांक नव्हता. शेवटच्या पानावर मात्र एजन्सीच्या पुढच्या 'ब्रेन डेव्हलपमेंट' कोर्सची फी व्यवस्थित छापलेली होती. मुलीला विचारलं तर तिने सांगितलं : सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं, एका सरांनी माइकवरून सांगितलं, गोल काळे करायचे होते. मध्येच तिच्या पेन्सिलचं टोक तुटलं. शार्पनर शेजारणीकडे होतं, पण बोलायचं नाही असं बजावलेलं होतं, म्हणून ती बसून राहिली.

मी तिची चाचणी घेतली नाही. घ्यायला कारणच नव्हतं. ती वाचत होती, वजाबाकीत हातचे घेत होती, तिला मैत्रिणी होत्या. वर्गशिक्षिकेची काडीचीही तक्रार नव्हती. फक्त त्या ७८ मुळे तिचं नाव ऑलिम्पियाडच्या जादा तासातून कमी झालं होतं, आणि वडील घरी तिच्याशी जरा हळू आवाजात बोलायला लागले होते, आजारी माणसाशी बोलतात तसे.

ही चाचणी मुळात निघाली कशासाठी, हे आपण सगळ्यांनी डी.एड.-बी.एड.ला शिकलेलं आहे, पण परीक्षेपुरतं. १९०४ साली फ्रान्सच्या शिक्षण खात्याने एक समिती नेमली. सक्तीच्या शिक्षणामुळे सगळी मुलं शाळेत आली होती, आणि त्यातल्या काहींना नेहमीच्या वर्गात जमत नव्हतं. त्यांना शोधायचं कसं, हा प्रश्न होता. शिक्षकाच्या मतावर सोडलं तर खोडकर, मुखदुर्बळ आणि गरीब अशी सगळीच मुलं 'मंद' म्हणून बाजूला पडतील ही भीती होती. आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये तीस प्रश्नांची पहिली चाचणी तयार केली ती यासाठी : ज्याला मदत लागणार आहे तो सापडावा आणि त्याला मदत मिळावी. बुद्धी जन्माची ठरलेली असते, ती वाढत नाही, या मताविरुद्ध बिने यांनी स्वतः लिहिलं आहे. ते १९११ साली गेले. मुलाच्या मानसिक वयाला (त्याची उत्तरं कितव्या वर्षाच्या मुलासारखी आहेत त्याला) खऱ्या वयाने भागून अंक काढायची कल्पना त्यानंतर, १९१२ मध्ये, विल्यम स्टर्न या जर्मन मानसशास्त्रज्ञाची. आणि त्याला शंभराने गुणून, मोठ्या प्रमाणावर मुलांची वर्गवारी करायला वापरणं हे अमेरिकेतल्या लुईस टर्मन यांच्या १९१६ च्या आवृत्तीपासूनचं. म्हणजे ज्या माणसाच्या नावाने हे सगळं चालतं, त्याने आपण ज्याला आयक्यू म्हणतो तो आकडा कधी काढलाच नाही.

आपल्याकडे या कामाची परंपरा चांगली आहे, हेही सांगायला हवं. धारवाडच्या डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी जुन्या मुंबई इलाख्यातल्या मराठी आणि कानडी मुलांवर बिने चाचणी बसवली. त्यांचं त्यावरचं पुस्तक १९४० सालचं. सी. एम. भाटिया यांनी १९५५ मध्ये शब्दांवर फारशी मदार नसलेली, हाताने करायच्या कृतींची चाचणी आणली, कारण शाळेचं तोंड न पाहिलेल्या मुलांचीही बुद्धी मोजता यायला हवी होती. डॉ. मालिन यांनी नागपुरात बसून वेक्सलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या मुलांसाठीच्या बुद्धिमत्ता चाचणीचं भारतीय रूप केलं, ते १९६९ मध्ये आलं. या लोकांनी गावोगावच्या मुलांसमोर बसून, एकेक प्रश्न घासून-पुसून हे उभं केलं. माइकवरून गोल काळे करायला लावणाऱ्या एजन्सीला या परंपरेचा वारसा सांगायचा हक्क नाही.

पण परंपरा जुनी असल्याचा एक तोटाही आहे. कामतांची चाचणी आजही दवाखान्यांतून सर्रास वापरली जाते, आणि तिचे मापदंड आठ दशकांपलीकडचे आहेत. जेम्स फ्लिन या संशोधकाने १९८० च्या दशकात दाखवून दिलं की अनेक देशांत पिढीगणिक गुण चढत जातात. साधारण दहा वर्षांत तीन गुण, असा तो हिशोब होता. मग आजोबांच्या काळातल्या मुलांशी नातवाची तुलना केली तर नातू आहे त्यापेक्षा हुशार दिसण्याची शक्यता असते. कौतुकाची गोष्ट वाटेल; पण ज्या मुलाला अपंगत्वाच्या प्रमाणपत्राची खरी गरज आहे, त्याचा आकडा दोन-चार गुणांनी वर सरकला तर त्याच्या हातून सवलत जाते.

आकड्याचा अर्थही एकदा नीट सांगते, कारण शाळांच्या सूचना फलकावर मी तो दहावीच्या टक्क्यांसारखा लावलेला पाहिला आहे. १०० म्हणजे पैकीच्या पैकी नव्हे. त्या वयाच्या मुलांची सरासरी. शंभरातली साधारण अडुसष्ट मुलं ८५ ते ११५ च्या मध्ये असतात. ७० च्या खाली दोनेक, १३० च्या वर दोनेक. शिवाय समोर एकच मूल बसवून, तज्ज्ञाने घेतलेल्या चांगल्या चाचणीतही चार-पाच गुण इकडेतिकडे धरावेच लागतात. त्यामुळे ९६ चा मुलगा आणि १०१ ची मुलगी यांच्यात 'कोण हुशार' हे चाचणी सांगू शकत नाही. त्यावरून 'अ' आणि 'ब' तुकड्या पाडणं म्हणजे चिठ्ठ्या टाकण्यासारखंच आहे. चिठ्ठ्यांना निदान फी पडत नाही.

आता आपल्या भागाचं बोलू.

खानदेशात मूल घरी अहिराणी बोलतं, रावेर-यावलकडे तावडी किंवा लेवा पाटीदारांची बोली, तांड्यावर गोरमाटी, सातपुड्यात पावरी, भिली, मावची. जळगाव-भुसावळच्या मोहल्ल्यांत उर्दू. शाळेत गेलं की पुस्तकी मराठी. आणि ही हॉलमधली चाचणी कित्येकदा इंग्रजीतून, किंवा इंग्रजीतून जसाच्या तसा उतरवलेल्या मराठीतून. केळीचा घड काट्यावर चढला की दांड्यापोटी किती किलो कापायचे यावरून रावेर-सावद्याला व्यापाऱ्याशी वाद होतात, म्हणजे दांड्याला वजन असतं हे सगळ्यांना मान्य आहे. मुलाच्या गुणांतून परक्या भाषेचं आणि नवख्या प्रश्नपद्धतीचं वजन कोण वजा करतं? समूह चाचणीत कोणीच नाही.

धडगावकडच्या एका आश्रमशाळेतून सहावीतला एक मुलगा माझ्याकडे आणला होता. शेरा होता : 'काहीच बोलत नाही, मंदबुद्धी वाटतो.' मी मराठीतून काही विचारलं की तो खाली बघायचा, फार तर 'हो' म्हणायचा. सोबत आलेल्या कामाठीदादांनी (आश्रमशाळेतल्या मदतनिसांनी) पावरीतून दोन वाक्यं बोलल्यावर त्याने मान वर केली. मी लाल-पांढरे ठोकळे काढले. चित्रातली नक्षी ठोकळ्यांनी जुळवायची, आणि घड्याळ चालू असतं. त्याने आधी एक ठोकळा उचलून सहाही बाजूंनी फिरवून पाहिला. मग दुसरा. मग चित्र. हात लावला तो बराच वेळ गेल्यावर, आणि एकदा लावल्यावर एकही ठोकळा चुकला नाही. "झालं का?" म्हटलं तर मान हलवली, आणि एक ठोकळा किंचित वाकडा होता तो बोटाने सरळ केला. तोवर वेळ संपून गेली होती. नियमाप्रमाणे त्या नक्षीला शून्य.

आता हे शून्य कशाचं? लवकर उरकण्यात शहाणपण आहे हे त्याला आजवर कोणी सांगितलेलं नव्हतं. वेळेची अट काढून मी पुढच्या नक्ष्या दिल्या, त्यातल्या अवघड म्हणाव्यात अशाही त्याने जुळवल्या. अहवालात मी दोन्ही लिहिलं : नियमाने मिळालेले गुण, आणि वेळ दिल्यावर काय झालं ते. समोरासमोर बसून चाचणी घेण्याचा उपयोग इथे असतो. गोल काळे केलेली उत्तरपत्रिका यंत्रात घातली असती तर ती 'मंदबुद्धी'चा शिक्का बसूनच बाहेर आली असती. (खऱ्या चाचणीतले प्रश्न मी या पत्रात देत नाही, कोणी देऊही नयेत, बाहेर फुटलेला प्रश्न पुढच्या मुलासाठी निकामी होतो. ठोकळ्यांची गोष्ट सगळ्या पाठ्यपुस्तकांत आहे म्हणून सांगितली.)

अलेक्झांडर लुरिया हे रशियन मानसशास्त्रज्ञ १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानातल्या खेड्यांत गेले होते. त्यांनी निरक्षर शेतकऱ्यांना हातोडी, करवत, कुऱ्हाड आणि लाकडाचा ओंडका दाखवून विचारलं, यातलं वेगळं काय? अपेक्षित उत्तर ओंडका. बाकी तीन अवजारं. शेतकरी म्हणाले, सगळंच लागतं. ओंडका नसेल तर करवत कशावर चालवणार? त्यांना विचार करता येत नव्हता असं नाही. वस्तूंची जातवारी लावणं ही शाळेची सवय आहे, आणि ते शाळेत गेले नव्हते. आपल्याकडेही हेच दिसतं. सावद्याजवळच्या चौथीतल्या एका मुलाला मी माझ्याच मनाने रचलेला प्रश्न घातला : केळी, ज्वारी, बोर, विळा, गटात न बसणारं कोणतं? तो म्हणाला, "बोर." का रे बाबा? "ज्वारी, केळी विळ्यानं कापतात. बोरं झाड हलवून पाडतात." उत्तरसूचीत अर्थातच विळा असतं. मुलगा चुकला म्हणून यंत्र एक गुण कापेल. मी समोर असेन तर त्याला पुन्हा विचारेन, दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने गट पाडता येईल का. त्याने तोही पाडून दाखवला.

अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास २०२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत भाजीपाला विकणारी मुलं गिऱ्हाइकाचा गुंतागुंतीचा हिशोब तोंडी करत होती, पण तीच आकडेमोड शाळेच्या पद्धतीने कागदावर मांडली की अडत होती. शाळेतली मुलं कागदावर बरी होती, आणि बाजारातला हिशोब घातला की गांगरत होती. आपल्या शिक्षकांना याचं नवल वाटायचं नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत आईबरोबर वावरात जाणारी पोरगी किलोचा भाव आणि सगळ्या घराची मजुरी तोंडी सांगते, आणि सोमवारी फळ्यावरचा गुणाकार बघून गप्प बसते. यातली कोणती मुलगी खरी, हे एका आकड्यात मावणार नाही.

आकड्याआधी बघायच्या गोष्टी तर वेगळ्याच आहेत. नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेल आहे, रक्तक्षय आहे, कुपोषण आहे; या जिल्ह्याची साक्षरता २०११ च्या जनगणनेत राज्यात सगळ्यात कमी होती. नंदुरबार, धुळे, चाळीसगाव भागातली कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी सुरत-बारडोलीकडे, आणि लेकरं बरोबर जातात. जातील तिथल्या शाळेत घेतलं जावं म्हणून कागदोपत्री शिक्षण हमीपत्रक असतं. ते मूल होळीला परत आलं आणि त्याच आठवड्यात एजन्सीची चाचणी ठरलेली असली, तर त्या दिवशी बुद्धी मोजली गेली की पाच महिन्यांचा खाडा मोजला गेला? ज्या मुलाचं हिमोग्लोबिन सात आहे, ज्याला मागच्या बाकावरून फळा दिसत नाही, ज्याचा कान वाहतो, त्याला आधी डॉक्टरकडे न्या. शाळेची आरोग्य तपासणी दरवर्षी होते, त्यात डोळे आणि कान नीट तपासून घ्या.

बोटांच्या ठशांवरून बुद्धी सांगणाऱ्यांविषयी फार लिहायची इच्छा नाही, पण टाळताही येत नाही. मोठ्या गावांतल्या शाळांत स्कॅनर घेऊन ही मंडळी फिरतात आणि एका मुलामागे काही हजार रुपये घेतात. बोटांवरच्या रेषा मूल पोटात असताना, सहाव्या महिन्यापर्यंत, बनून जातात. त्यावरून मूल इंजिनिअर होईल की गायक, हे सांगता येत नाही. भारतातल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने, इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने, या चाचणीला शास्त्रीय आधार नसल्याचं जाहीर केलेलं आहे. या मंडळींच्या पत्रकांवर ज्यांचं नाव झळकतं त्या हॉवर्ड गार्डनर यांनीही, ज्यांनी १९८३ मध्ये बहुविध बुद्धिमत्तेचा सिद्धांत मांडला, याच्याशी आपला संबंध नाही म्हणून हात झटकले आहेत. राहता राहिला प्रश्न त्या ठशांचा. ज्या ठशांवर उद्या त्या मुलाचं आधार, बँक, रेशन चालायचं आहे, ते ठसे एका अनोळखी माणसाच्या लॅपटॉपमध्ये जाऊ देणं हे मुख्याध्यापक म्हणून तुम्हाला चालतं का? डोळे बांधून रंग ओळखायला लावणारे 'मधला मेंदू जागृती'वाले त्याच माळेचे मणी. त्यांना गॅदरिंगला जादूचे प्रयोग करायला बोलवा, हरकत नाही.

स्कॉलरशिपच्या परीक्षेचं प्रकरण वेगळं आहे. तिथे दुसऱ्या पेपरात 'बुद्धिमत्ता चाचणी' नावाचा विभाग असतो, पन्नास प्रश्न, शंभर गुण. नवोदयच्या सहावी प्रवेशाच्या ऐंशी प्रश्नांत चाळीस प्रश्न मानसिक क्षमतेचे. आठवीच्या एनएमएमएसमध्येही (आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलांच्या केंद्रीय शिष्यवृत्ती परीक्षेत) तसे नव्वद, आणि ती परीक्षा काढली तर बारावीपर्यंत वर्षाला बारा हजार रुपये मिळतात, ही गरिबाच्या घरात मोठी रक्कम आहे. जिल्हा परिषदेचे कित्येक गुरुजी सकाळी सातला शाळा उघडून मुलांकडून आरशातली प्रतिमा, आकृत्यांच्या मालिका, सांकेतिक भाषा, दिनदर्शिका घोटून घेतात. त्या कष्टांबद्दल मला आदरच आहे, आणि हे तास आणखी व्हावेत. पण मुलं सरावाने त्यात वीस-वीस गुणांनी वर जातात, हेच सांगतं की तो सरावाचा विषय आहे. पहिल्या सराव पेपरात कमी पडलेल्या मुलाला 'तुझी बुद्धीच कमी' म्हणून त्या तासातून उठवू नका.

आणि प्रवेशाच्या वेळी तर विषयच संपतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नुसार प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची कुठल्याही प्रकारे छाननी करायला बंदी आहे. पहिल्यांदा सापडलं तर पंचवीस हजारांपर्यंत दंड, पुढच्या प्रत्येक वेळी पन्नास हजारांपर्यंत. 'इंटरॅक्शन' म्हटल्याने ती छाननी व्हायची राहत नाही. पहिलीत येणाऱ्या मुलाला फळांची इंग्रजी नावं विचारून घरी पाठवलं, तरी तो छाननीचाच प्रकार.

आता उलट बाजू. जिथे चाचणी खरोखर हवी असते, तिथे ती मिळत नाही, हे माझं दुसरं दुखणं आहे.

चौथी-पाचवीत गेलेलं मूल, बोलायला चुणचुणीत, पण वाचताना अक्षरं उलटसुलट करतं, आणि दोन वर्षं जीव तोडून शिकवूनही फरक नाही. इथे मला चाचणी पाहिजे. अध्ययन अक्षमता आहे का हे ठरवताना मुलाची बुद्धी सरासरीच्या घरात आहे हे आधी बघावं लागतं, आणि प्रमाणपत्र मिळालं तर दहावीला लेखनिक, वाढीव वेळ अशा सवलती लागू होतात. जे मूल आपल्या वयाच्या मानाने जेवण, कपडे, दुकानातून वस्तू आणणं यातही मागे आहे, तिथेही चाचणी पाहिजे. आकडा आणि हा रोजचा व्यवहार दोन्ही मिळून बौद्धिक अक्षमतेचं प्रमाणपत्र ठरतं, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने त्यावर हक्काच्या गोष्टी मिळतात. मात्र बऱ्याच सवलतींना निदान चाळीस टक्के अपंगत्वाची अट आहे, त्यामुळे ७० ते ८४ आयक्यूच्या मधली मुलं कुठेच बसत नाहीत. कागदावर ती 'नॉर्मल', वर्गात रोज बोलणी खातात. त्यांना प्रमाणपत्राने नव्हे, तर हळू शिकवण्याने आणि पुन्हा पुन्हा शिकवण्याने फरक पडतो. ते काम शाळेलाच करावं लागेल, माझ्या टेबलावर होणार नाही.

या मुलांना जिल्ह्याच्या दवाखान्यापर्यंत आणणं किती जिकिरीचं आहे हे धडगाव-मोलगीच्या शिक्षकांना विचारा. चांदसैली घाट उतरून यायचं, बापाची एक दिवसाची मजुरी बुडवायची, आणि खिडकीवर कळायचं की आज मानसतज्ज्ञ रजेवर आहेत. हॉलभर मुलांच्या गोल काळे करण्यावर शाळा जो पैसा घालवते, त्यातून अशा पाच-सहा मुलांच्या आणि त्यांच्या पालकांच्या गाडीभाड्याची सोय सहज होईल. सहाशे मुलांचे प्रत्येकी दीडशे धरले तरी नव्वद हजार होतात. तुम्हीच गुणाकार करून बघा.

तेव्हा माझी विनंती अशी. एजन्सीशी पुढच्या वर्षाचा करार झालेला असेल तर तो रद्द करा. एखादं मूल मागे पडतंय असं वाटलं तर आधी वर्गशिक्षकांशी बसून नेमकं काय जमत नाही ते कागदावर लिहा. 'अभ्यासात कच्चा' एवढ्याने मला काहीच कळत नाही, 'जोडाक्षरं आली की थांबतो' याने पुष्कळ कळतं. डोळे, कान, रक्त तपासून झालं, घरची भाषा कोणती, शाळा किती बुडली हे बघून झालं, आणि तरी कोडं सुटत नसेल तर आईवडिलांना समजावून, त्यांच्या संमतीने, भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या मानसतज्ज्ञाकडे त्या एका मुलाला पाठवा. अहवाल मराठीत मागा. त्यात चाचणीचं नाव, तारीख, भाषा, आणि वर्गात उद्यापासून काय करायचं, हे असलंच पाहिजे. नसेल तर परत पाठवायचा तुम्हाला अधिकार आहे. तो अहवाल मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपात राहू द्या. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, सूचना फलकावर, स्नेहसंमेलनाच्या भाषणात त्यातला आकडा यायला नको, मग तो १३५ का असेना. १३५ वाल्या पोराचे हालही मी पाहते. सहामाहीत दोन गुण कमी पडले की घरातून आकडा काढून दाखवला जातो.

ज्या शाळांनी मागच्या वर्षी अशा चाचण्या घेतल्या आणि त्यावरून तुकड्या पाडल्या, त्यांनी त्या तुकड्या या दिवाळीनंतर मोडल्या तरी चालतील, सत्र संपायची वाट बघायला नको. पालकांच्या हातात गेलेल्या फायलींचं काय करायचं असं एका मुख्याध्यापकांनी मला विचारलं होतं. एक साधं पत्र पाठवा : ही चाचणी शाळेच्या कुठल्याही निर्णयासाठी वापरली जाणार नाही. लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह.

कुठल्या शाळेला हवं असेल तर शिक्षकांच्या बैठकीत मी यावर बोलायला येईन. मानधन नको. मुलं रांगेत बसवून ठेवू नका, शिक्षक असले की पुरे, आणि निदान दोन तास द्या, कारण पहिला तास प्रश्नांतच जातो. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा या बाजूला यायचं असेल तर पावरी आणि भिली बोलणारे एखादे गुरुजी किंवा कामाठी सोबत ठेवा, म्हणजे तुम्ही ज्या दोन-तीन मुलांविषयी विचारणार आहात त्यांच्याशीही बोलता येईल.

आपली,
एक बालमानसतज्ज्ञ, जळगाव